यादी शेवटून चालते

दोन नावं उलट्या क्रमाने लिहून मी मुरबाडच्या एका मंगल कार्यालयाची वेबसाइट ऐन उद्घाटनाच्या सकाळी उघडीबोडकी केली.

कार्यालय ऑफिसात मला सीनियर असलेल्या ताईच्या मामांचं. घरात शब्द टाकून तिने हे काम आमच्या शहापूरच्या ऑफिसात आणलेलं. मामा दुपारी पाहुण्यांना मोठ्या पडद्यावर साइट दाखवणार होते.

साइटच्या सुट्या फायली गोळा करून एकच बोचकं बांधतो तो बंडलर नावाचा प्रोग्राम. त्याला सगळं सांगावं लागतं. सांगायचं काम माझं, निस्तरायचं ताईचं. केसांत पेन खोचून ती आधी विचारायची, "कुठनं आणायचं, सांगितलंस का नाय?" एकदा मी पत्ता माझ्याच लॅपटॉपवरच्या डाउनलोड फोल्डरचा दिला. माझ्याकडे सगळं झकास, तिच्याकडे काहीच सापडेना. "आता गिऱ्हाइकांनी तुझ्या घरी येऊन बघायचं का रे?"

पानांच्या सजावटीसाठी, म्हणजे रंगरूपासाठी, बंडलरला दोन मदतनीस लागतात, त्यांना लोडर म्हणतात. एक सजावटीची फाइल वाचतो, दुसरा ती पानावर चढवतो. मी बंडलरच्या यादीत ते त्याच क्रमाने लिहिले. स्क्रीन चुकांच्या अक्षरांनी लालेलाल! घाबरून मी दुसरा लोडर उडवूनच टाकला. लाल अक्षरं गेली. मी साइट वर चढवली आणि ऐटीत चहा सांगितला.

चहाआधी ताईला मामांचा फोन आला. "गो, नुसती काळी अक्षरं दिसतात! नवरी मांडवात आणली आन् शालू घरीच!"

ताईचा चेहरा उतरला. तिने पेन खोचलं, उडवलेलं नाव परत आणलं आणि यादीत पहिलं लिहिलं. साइट रंगली तेव्हा कुठे बोलली, "यादी शेवटून चालते रे. आवणी करताना माणूस मागं मागं जातो ना, तसं."

मी जाणकारासारखी मान डोलावली. भाताची रोपं लावताना माणसं मी फक्त एसटीच्या खिडकीतून पाहिलेली.

पुढे ताई पुण्याला मोठ्या कंपनीत गेली. आता माझं काम अडलं की मी स्वतःच्याच कानावर पेन अडकवतो. तुम्हीही कुणाची तरी अशी नक्कल करत असाल. उपयोग शून्य.

यंदा तिच्या गावाकडच्या घरी आवणीला माणसं कमी पडली. उपकार फेडायला मी गेलो. मूठभर रोपं घेतली, एक ओळ लावली, पुढे सरकलो, दुसरी लावली, पुढे सरकलो. वळून पाहिलं, तर लावलेलं सगळं माझ्याच पायांखाली.

बांधावरून ताईच्या आईने पुण्याला फोन लावला, मला नीट ऐकू जाईल असा.

"गो, तुझा ऑफिसवाला आलाय. त्याला माघारी जायला सांग. तुडवायला आमचा रेडा हाय ना!"