सभेच्या आदल्या दिवशीचं इतिवृत्त

आता ही फजिती सांगताना माझेच कान गरम होतात, पण चहा गार व्हायच्या आत सांगून टाकतो!

आमच्या घाटंजीच्या छोट्या वाचनालयाचा मी सचिव. रोज नेमाने डायरी लिहिणारा माणूस म्हणून सभेचं इतिवृत्तही माझ्याच गळ्यात. आणि खरं सांगू? ते मी सभेच्या आदल्या दिवशीच लिहून ठेवतो. दरवेळी तेच तर होतं!

यावेळचा विषय : वाचनालय संध्याकाळऐवजी सकाळी उघडायचं. कारण? किल्ली माझ्याकडे आणि संध्याकाळी मला फिरायला जायचं असतं. अडचण एकच, सदस्य शेवंताबाई. त्या आणि त्यांच्या सोबतिणी कापूस वेचून आल्यावरच वाचायला येतात. वेळ सकाळची झाली की त्यांचं वाचन बंद.

सभा सुरू झाली. मागचं इतिवृत्त वाचायला उभा राहिलो आणि उलटलं नेमकं एक पान जास्त! तारीख न बघता खणखणीत आवाजात वाचलं, "वेळ सकाळची करण्याचे सर्वानुमते ठरले. शेवंताबाईंनी थोडा विरोध केला, परंतु सचिवांनी समजावल्यावर हसतमुखाने माघार घेतली. चहा व आलुबोंडे होऊन सभा साडेपाचला संपली."

"मी कवा हसली जी?" शेवंताबाई ताडकन उठल्या.

आमचे अध्यक्षकाका विसरभोळे. म्हणाले, "हसली असशीन वं बाई. मले आठवते."

"काका, तुमाले आलुबोंडेबी आठवते काय?"

"आलुबोंडे?" काका माझ्यावरच उखडले. "काहून गा सचिव, माह्यावाले कोनं खाल्ले?"

शेवंताबाईंनी वही ओढली, बोट ठेवत ठेवत वाचलं. "अवं, तारीख तं आजची हाय! अन् आता कुठं पाच वाजून राह्यले!"

माझं काय झालं असेल, विचारूच नका.

मग मतदान. सकाळच्या बाजूने एकच हात वर. कोणाचा, हे सांगायला हवं? तोही मी हळूच कान खाजवायला नेला.

पान फाडायला गेलो, तर शेवंताबाईंनी मनगट धरलं. "एवढं चांगलं अक्षर फाडता कायले, भाऊ? वेळ संध्याकाळचीच लिवा अन् दोन नावं इकडचे तिकडे करा."

केली. "सचिवांनी थोडा विरोध केला, परंतु शेवंताबाईंनी समजावल्यावर हसतमुखाने माघार घेतली."

सही करायच्या आधी त्या पेन रोखून थांबल्या. "आता हसा नं, भाऊ. खोटं कायले लिवाचं?"

हसलो. सर्वानुमते!