पोट साफ

"ही ग्लायोब्लास्टोमा. मेंदूतलीच गाठ, काढली तरी परत येणारी," पुण्याचे डॉक्टर म्हणाले. मालक, म्हंजी माझे यजमान, एवढंच बोलले, "कांद्याची लागण उरकून आलो तर चालंल का?"

ऑपरेशन झालं, रेडिएशनचा शेक झाला. सात महिन्यांत गाठ परत हजर. मग इम्युनोथेरपी, अजून चाचणीत असलेली. म्हंजी आपल्याच अंगातली प्रतिकारशक्ती चेतवून गाठीवर सोडायची. डॉक्टरांनी बजावलं, "ती आतड्यांवर, थायरॉईडवर, कशावरही उलटू शकते. नवीन काहीही झालं तर लगेच फोन." मी मान हलवली. ताकद वाढून कुणाचं वाईट झालंय, असं मनात म्हणलं.

दोन डोसांत गाठ बारीक झाली. कासुर्डीत आमच्या घरी पुरण शिजलं.

तिसऱ्या डोसाच्या आधी जुलाब लागले. दिवसाला चार, मग सात. आत्याबाई, माझ्या सासूबाई, म्हणल्या, "निघू दे गं. आजार भायेर पडतोय." खोटं कशाला सांगू, मला बरंच वाटलं.

डोसाच्या दिवशी सिस्टरनी विचारलं, "पोट साफ होतं का?"

"एकदम साफ," मालक म्हणले. सिस्टरनी कागदावर खूण केली. मी शेजारीच होते. चारचौघांत नवऱ्याचे जुलाब काय सांगायचे, म्हणून गप बसले. सलाईनमधनं तिसरा डोस गेला.

पाचव्या दिवशी रक्त पडलं. यवतवरनं गाडी करून पुण्याला नेलं. कोलायटिस, म्हंजी आपल्याच ताकदीनं आतड्याला केलेल्या जखमा. भोक पडलं होतं. पुन्हा ऑपरेशन, मग ती ताकद दाबायला स्टेरॉइड. जीव वाचला, पण गाठीवरचं औषध कायमचं बंद झालं.

"आधी सांगितलं असतं तर?" मी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "आतडी बरी करून कदाचित पुन्हा देता आलं असतं."

त्या कदाचितनं मला पार खाल्लंय. गाठ वाढतीय, मालकांचा उजवा हात गेलाय. त्यांनी मला कधी बोल लावला न्हाई. लावला असता तर बरं झालं असतं.

आता तपासणीला गेले की बाकावरच्या माणसांना सांगते, साफ म्हणू नका, किती वेळा ते सांगा. परवा एक बाई रागावून दुसऱ्या बाकावर गेली. मी तिथं जाऊन परत सांगितलं. तिनं नवऱ्याला हळूच विचारलं. तो म्हणला, "सहा." ती तशीच उठून सिस्टरकडं गेली.

मालक तिच्याकडं बघत होते. अडखळत म्हणले, "आपुनबी उठाया पायजे व्हतं."