चाकाखालचं लिंबू

मी भित्री आहे हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. पाल दिसली की मी पलंगावर, वीज कडाडली की गॅस बंद. पण पालीची भीती वेगळी आणि त्या मशीनची वेगळी. पालीला निदान झाडूने हाकलता येतं.

मशीन म्हणजे पुढे बादली आणि मागे खोदायचा लांब हात असलेलं ते पिवळं धूड. आमचे हे लग्नाआधीपासून दुसऱ्याच्या मशीनवर ऑपरेटर. स्वतःचं घ्यायचं खूळ डोक्यात होतंच. शेवटी घेतलं, पण जुनं. इथे सुरतेत, पांडेसऱ्याच्या पुढे एका मोकळ्या आवारात अशी वापरलेली मशीनं ओळीने उभी असतात. बघायला मीही गेले होते. ह्यांनी इंजिनाचा आवाज ऐकला, टायर बघितले, बादली वरखाली केली आणि हॅंडब्रेकचा दांडा ओढून बघितला. कटकट करत वर आला, चांगला घट्ट. "एकदम टाइट छे," विकणारा म्हणाला. टाइट असणारच! आतली केबल कोणीतरी नुकतीच ताणून ठेवली होती, हे आम्हाला मागाहून कळलं. शिवाय ते आवार सपाट. अख्खी सुरतच ताटासारखी सपाट. इथे ब्रेक नसलेली गाडीसुद्धा शहाण्यासारखी उभी राहते.

खरं काय ते गरनाळ्याशी कळलं. रेल्वेच्या रुळांखालून जो रस्ता जातो त्याला इकडे गरनाळा म्हणतात. आमच्या नवागामच्या गल्लीजवळ असा एक आहे आणि त्याच्या तोंडाशी उतार आहे. गल्लीत एवढं धूड शिरत नाही, म्हणून त्या उतारावरच, रस्त्याच्या कडेला उभं करायचं ठरलं. पहिल्या संध्याकाळी आम्ही सगळे बघायला गेलो. ह्यांनी दांडा ओढला, इंजिन बंद केलं, ऐटीत खाली उतरले, आणि मशीन त्यांच्या मागोमाग निघालं. अगदी हळू, हाक मारल्यासारखं. हे उलटे धावले, वर चढले आणि पायाचा ब्रेक दाबून बादली जमिनीवर टेकवली. मी समोर उभी होते.

बमरोलीच्या मिस्त्रीने खाली झोपून, बॅटरी मारून बघितलं. गिअरबॉक्सचं सील गळत होतं आणि हॅंडब्रेकचे पॅड तेलात भिजले होते. "तेलाच्या हाताने बरणीचं झाकण फिरतं का भाभी? तसं आहे हे," तो म्हणाला. सगळं खोलावं लागणार होतं आणि तोवर मशीन बसून राहणार होतं. दिवाळीच्या आधी तर जो तो गटार नाहीतर पाया खणून मागत होता. ह्यांनी केबल तेवढी आणखी ताणून घेतली आणि बाकीचं दिवाळीनंतर बघू म्हणाले.

"अगं, सगळी जुनी मशीनं अशीच असतात. हॅंडब्रेक कोण वापरतं? बादली टेकवायची, मागचे दोन लोखंडी पाय खाली सोडायचे, चाकाला दगड लावायचा. मशीन बसलंच म्हणून समज."

खोटं नव्हतं ते. त्या धंद्यात सगळे असंच करतात. पण माझा जीव काही थाऱ्यावर येईना. भाजीला निघाले की मी आधी दगड बघायची, मग पुढे जायची. मशीनच्या आसपास कोणाची पोरं दिसली की घसा फाटेपर्यंत ओरडायची. बायका म्हणायच्या, "आली बघा आरटीओ!" हसा म्हटलं, हसा. सासूबाई घरात अहिराणीच बोलतात. त्या म्हणायच्या, "इतली काब्र घाबरस वं तू? गाडी शे ती, वाघ नही."

"वाघ परवडला आई," मी म्हणायची. "तो बघून तरी धरतो."

मग दसरा आला. ह्यांनी सकाळी मशीन धुऊन लख्ख केलं. झेंडूची ही मोठी माळ आणली. गाडीच्या पूजेला चारही चाकांखाली लिंबं ठेवायची, नारळ फोडायचा आणि मग गाडी जराशी पुढे घेऊन लिंबं चिरडायची, म्हणजे गाडीची नजर उतरते. माळ बादलीच्या दातांना बांधायची म्हणून ह्यांनी बादली छातीइतकी वर उचलली. नंतर पुढे घ्यायचंच होतं, म्हणून मागचे पायही उचलून ठेवले. पूजेत धूर नको म्हणून इंजिन बंद केलं, हॅंडब्रेक ओढला. आता फक्त चाकांपुढचे दगड राहिले होते.

"दगड राहू द्या," मी म्हणाले. "लिंबू शेजारी ठेवा की."

"आज दसरा शे," सासूबाई कडाडल्या. "चिखलना दगड पूजामा? काढ तठून!"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे हसले. "पाच मिनिटांचं तर काम आहे," म्हणाले आणि पायाने दगड लोटून दिले. मी जीव मुठीत धरून चाकाकडे बघत राहिले. मशीन हललं नाही. ताणलेल्या केबलने तेवढा वेळ धरलं, आणि तिथेच सगळे फसले. ह्यांनी "बघितलंस?" म्हणून भुवया उडवल्या.

उचललेल्या बादलीखाली, पुढच्या चाकाजवळ सासूबाईंनी पाट टाकला आणि त्यावर बसून त्या चाकाला हळदकुंकू लावू लागल्या. लिंबू ठेवून झालं होतं. हे बाजूला नारळ सोलत होते. मी आरतीचं ताट घेऊन उभी. सगळ्यांची नजर माळेवर होती, माझी मेलीची चाकावर.

लिंबाची साल फाटली. रस बाहेर आला आणि लिंबू चपटं व्हायला लागलं. मशीनवर कोणीच नव्हतं.

मी ओरडले की नाही, आठवत नाही. ताट टाकलं, सासूबाईंच्या दंडाला धरलं आणि सगळा जोर लावून बाहेर खेचलं. त्या आडव्या पडल्या, मी त्यांच्या अंगावर. मान वळवून बघते तर हे चालत्या मशीनवर चढताहेत. पाय निसटला असता तर मागचं चाक त्यांच्यावरूनच गेलं असतं. "नका चढू! अहो, जाऊ द्या ते!" मी किंचाळले. पुढे गरनाळ्यात रिक्षा येत होत्या. ह्यांनी आत हात घालून बादलीचा दांडा ढकलला. बादली धाडकन खाली आली, रस्ता खरवडत थोडी गेली आणि मशीन थांबलं.

पुढच्या चाकाखाली पाट होता. त्याच्या चिरफळ्या झाल्या होत्या.

"काय व्हयनं? काय व्हयनं वं?" सासूबाई विचारत होत्या. मग त्यांना पाट दिसला. त्यांचा हात माझ्या मनगटावर होता, तो सुटेना.

हे वर केबिनमध्येच होते. पाय ब्रेकवर, दोन्ही हात दांड्यावर, तोंड पांढरंफटक.

"उतरा आता. थांबलंय ते."

"नको. पाय काढला आणि पुन्हा निघालं तर?"

मला इतका राग आला, इतका राग, की वाटलं ओढून खाली काढावं आणि दोन लगावाव्यात. त्याऐवजी मीच दगड उचलून आणले आणि चाकांपुढे घट्ट लावले. तेव्हा कुठे हे उतरले. खाली आले आणि आईच्या पायाशी रस्त्यावरच बसून लहान पोरासारखे रडले. गल्लीतल्या कोणीही त्या दिवशी माझी चेष्टा केली नाही.

दुसऱ्या दिवशी मशीन मिस्त्रीकडे गेलं. नवं सील, नवे पॅड, नवी केबल. दिवाळीची बरीच कामं हातची गेली. परत आणलं तेव्हा त्याच उतारावर उभं केलं, ब्रेक ओढला, बादली मुद्दाम अधांतरी ठेवली, दगड न लावता खाली उतरले आणि रस्त्याच्या कडेला येऊन उभे राहिले. बराच वेळ गेला. मशीन जागचं हललं नाही.

"आता तरी पटलं?" त्यांनी मला विचारलं. मला पटलं होतं, पण पाऊल पुढे पडत नव्हतं.

तेवढ्यात मागून धापा टाकण्याचा आवाज आला. सासूबाई पोटाशी दगड धरून येत होत्या, तोच चिखलाचा. आल्या, खाली बसल्या आणि चाकापुढे तो ठोकून बसवला.

"आई, ब्रेक नवा टाकलाय आता," हे म्हणाले.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "उभी काय ऱ्हायनी वं? दुसरा दगड तू लई ये."