आईच्या पापणीवरची पट्टी
चिकटपट्टीचा वास आला की अकोल्यातला तो दवाखाना आठवतो. थोरल्या बहिणीच्या पापण्या आपोआप मिटत होत्या. डॉक्टर म्हणाले, "शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटली असावी. पण मुळाशी आईकडून आलेला पेशींचा आजारही असू शकतो, तो पुढे हृदयावर जातो. आईला असं होतं?" आमची आई अमरावतीत पापणीला पट्टी चिकटवून डाळ निवडायची. पण शेजारी बहिणीची सासू बसली होती, "आमी तं धडधाकट पोरगी केली होती" म्हणत. मी "नाही" म्हणालो. बाहेर आल्यावर बहिणीनं विचारलं, "मायचं काहून नाही सांगतलं रे?" "तुयाच संसारासाठी." खरं तर माझी सोयरीक जमून राहिली होती. मूळ आजार सापडला, तोवर बहिणीचं हृदय सांभाळायची वेळ निघून गेली होती. आता माझ्या पापणीला बायको पट्टी लावते. हे आधी तिलाच वाचायला देणार आहे.