मावशी फ्रेममध्ये येईना

“यात माणसं कुठे आहेत?” मी विचारलं.

शेरॉन खुर्चीत आणखी खाली सरकली. अंधेरीतल्या माझ्या एडिट रूममध्ये आम्ही तिचं फुटेज, म्हणजे शूट केलेला सगळा कच्चा माल, बघत होतो. फिल्मचा विषय होता तिच्या मावशीचं मढमधलं गजबजलेलं घर. स्क्रीनवर रिकामा व्हरांडा होता. मग रिकामं स्वयंपाकघर आलं. गॅसवर कालवण रटरटत होतं आणि ढवळायला कोणी नव्हतं. पोलिसांनी सील केलेलं घर वाटत होतं.

मी फिल्म एडिटर आहे. आमच्या एका फेस्टिव्हलचा मेंटॉरशिप प्रोग्रॅम असतो. नवी मुलं निवडतात, प्रत्येकाच्या गळ्यात एक अनुभवी माणूस बांधतात आणि शेवटच्या दिवशी त्यांच्या शॉर्ट फिल्म थिएटरात दाखवतात. शेरॉनच्या गळ्यात मी पडले होते. रफ कट, म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जोडणी, कमिटीला पटली नाही तर फिल्म दाखवत नाहीत. शेरॉनने मालाडच्या कॉल सेंटरमधली नोकरी सोडली होती. फिल्म थिएटरात लागली नाही तर मुकाट्याने परत जाईन, असं तिने आईला कबूल केलं होतं.

“मावशी भांडखोर आहे म्हणाली होतीस ना?”

“आहे ना मॅडम. गल्लीत तिच्यापुढे कोण टिकत नाही.”

“मग ती आहे कुठे?”

“कॅमेऱ्याच्या मागे.”

मग उलगडा झाला. फिलू मावशीचा बंगला वर्षानुवर्षं सिरियलच्या शूटिंगला भाड्याने जातो. असिस्टंट डिरेक्टर “रोलिंग” ओरडला की कॅमेरा चालू झाला, आता हूं की चूं नाही. घरातली माणसं फ्रेमबाहेर जातात, पंखा आणि मिक्सर बंद होतो, शेजारी पाण्याची मोटर थांबवतात, मावशी कोंबड्यावर टोपली टाकते. हे सगळ्यांच्या अंगात इतकं भिनलं होतं की शेरॉनने शिस्तीत “रोलिंग” म्हटलं आणि अख्खं घर तितक्याच शिस्तीत गायब झालं.

मी पोट धरून हसले. शेरॉनचे डोळे भरले, तेव्हा आवरतं घेतलं.

“ओरडू नकोस,” मी म्हटलं. “कॅमेरा गुपचूप लावून बाजूला हो.”

तिने तसं केलं. मावशीला कॅमेऱ्याचा लाल दिवा दिसला. मग काय, शॉट खराब होऊ नये म्हणून बाई लेन्सखालून वाकून ये-जा करत राहिली. फुटेजभर तिचा अंबाडा तळाशी इकडून तिकडे फिरतोय.

मी इंटरव्ह्यू घ्यायला सांगितला. मावशी लग्नाची साडी नेसून, लिपस्टिक लावून बसली. प्रत्येक वाक्यानंतर मान वळवून ती खिडकीकडे बघत थांबायची.

“ही थांबते कशाला?”

“सिरियलसारखी क्लोजअपसाठी जागा सोडते, मॅडम.”

फेस्टिव्हलच्या कोऑर्डिनेटरचा फोन आला. “मॅडम, आहे ते जोडून द्या ना. वरून म्युझिक टाका.” मला असल्या सल्ल्यांचा मनापासून संताप येतो. मी फोन ठेवला. पण दुसरं काही सुचत नव्हतं, हेही खरं.

त्यानंतर शेरॉन आली ती नवीन हार्ड डिस्क घेऊन. या वेळी ती खुर्चीत बसलीच नाही.

फुटेजमध्ये तिचा आवाज आला, “रोलिंग.” घर चिडीचूप. मग तिने म्हटलं, “कट.” आणि एकदम पंखा फिरला, मिक्सर लागला, कोंबडा आरवला. विटक्या गाऊनमध्ये, केस मोकळे सोडलेली मावशी सरळ कॅमेऱ्यासमोर आली. “झालं तुझं? आता बांगड्याला मीठ कोण लावणार, तुझा कॅमेरा?” तेवढ्यात तिला शेजारची रोझी मधल्या भिंतीवर जवळा सुकवायला टाकताना दिसली. मावशी कंबर कसून बाहेर गेली. मागोमाग कॅमेराही गेला.

“भिंत माझी आहे, रोझी.”

“तुझी आहे तर तिची सावली माझ्या अंगणात कशाला पडते? ती पण घरात घे.”

मावशी गर्रकन वळून घरात शिरली. शॉट संपला.

“कट म्हणालीस आणि कॅमेरा चालूच ठेवलास?”

“चालूच ठेवला, मॅडम. लाल दिव्यावर टेप लावली.”

‘कट’नंतरचे तुकडे आम्ही एडिटर न बघता फेकतो. या पोरीने त्यांचीच फिल्म केली. हे मला सुचलं नाही म्हणून राग आला आणि तिचा अभिमानही वाटला, दोन्ही एकदम.

कमिटीने रफ कट एका बैठकीत पास केला. मी सुटकेचा निःश्वास टाकला, तर शेरॉन म्हणाली, “आता मावशीला दाखवते.”

“रिलीज फॉर्मवर तिची सही आहे ना? म्हणजे दाखवायची परवानगी आहे.”

“सही आहे. पण तिला वाटत होतं कॅमेरा बंद आहे.”

“आणि नाही म्हणाली तर?”

“तर नाही. कॉल सेंटरला जाईन परत.”

मी तिला बरंच झापलं. मग तिच्याबरोबर मढला गेले, वेळ आली तर मावशीच्या हातापाया पडायला.

मावशीने व्हरांड्यात लॅपटॉपवर फिल्म बघितली. चेहरा दगडासारखा. “हाच गाऊन सापडला तुला?” एवढंच म्हणाली. शेरॉनने मान खाली घातली.

“परत लाव.”

दुसऱ्यांदा संपल्यावर मावशीने बाहीने डोळे पुसले. “या घरात डॉन राहून गेला, मंत्री राहून गेला, भूत पण राहून गेलं. आम्ही राहतो ते आज पहिल्यांदा दिसलं.”



“मग लावू ना थिएटरात?” शेरॉनने विचारलं.

“लाव. फक्त ते रोझीचं शेवटचं बोलणं काप.”

मी लगेच “हो हो” म्हणणार होते. शेरॉन म्हणाली, “नाही मावशी. भांडण ती जिंकली. ते कापलं तर फिल्म खोटी होईल. हवं तर फिल्मच लावत नाही.”

मावशी उठली. “माझ्यावर गेली आहेस,” ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

फिल्म लागली. थिएटर भरलं होतं. सावलीचं वाक्य आलं, लोक खदखदून हसले आणि अंधारात मावशी उभी राहिली. “सावली नको तर दुपारी खाट टाकून तिथंच कशाला झोपतेस गं?” मागच्या रांगेतून रोझीने उत्तर दिलं. पुढची फिल्म थोडी उशिरा सुरू झाली.

शेरॉन आता दुसरी फिल्म करतेय. कॉल सेंटरला गेली नाही. मी या प्रकरणातून दोन गोष्टी शिकले. फॉर्मवर सही असली तरी माणसाला विचारावं. आणि भांडणाऱ्या शेजारणींना एकाच शोला बोलावू नये.