दोन घंट्या

अण्णांची वाचा गेली त्या वर्षी मी जालन्याला एम.ए.च्या वर्गात भाषाविज्ञान शिकत होतो. घरात एक माणूस मुका आणि दुसरा भाषेचा अभ्यासक. देवाला विनोदच करायचा होता तर जरा बारीक तरी करायचा.

अण्णा, म्हणजे माझे वडील, अंबड डेपोत कंडक्टर होते. सगळी हयात बोलण्यात गेलेली. "मावशी, पुढं सरका", "घनसावंगीवाले उठा बरं", "सुट्टे द्या, सुट्टे". लकवा मारला आणि उजव्या अंगाबरोबर डोक्यातले सगळे शब्द फाट्यावर उतरून गेले. एकच मागं राहिला, 'बराबर'. पाणी पाहिजे, बराबर. पाणी नको, बराबर. राग आला तरी तेच आणि डोळे भरून आले तरी तेच.

वर्गात मॅडमनी नुकतंच शिकवलं होतं की शब्दाचा आणि वस्तूचा आपसात काही संबंध नसतो. चार लोकांनी मान्य केलं म्हणून झाडाला झाड म्हणायचं. संकेत कसाही ठरवा, चालतो. मला हे फारच आवडलं. घरी आल्या आल्या मी खाटेशेजारच्या स्टुलावर स्टीलचा पेला पालथा घातला, अण्णांच्या डाव्या हातात चमचा दिला आणि एक नवी भाषा जन्माला घातली.

"अण्णा, एकदा वाजवलं तर हो. दोनदा वाजवलं तर न्हाई. कळलं?"

"बराबर," अण्णा म्हणाले.

"कळलं म्हणलेत का न्हाई कळलं म्हणलेत?" आईनं विचारलं.

"आता पेल्यावरून कळंल की. तू इचार काही."

"च्या टाकू का?"

टण टण.

"न्हाई म्हणतेत," मी सांगितलं.

आई पातेलं धरून उभीच राहिली. "हे? च्याला न्हाई?"

"आजारपणात आवडी बदलतेत, आई." हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं, पण मी अशा थाटात म्हणालो की तिनं गॅस बंद केला.

मग हेच चालू झालं. मऊ भाताचा घास भरवताना मी विचारायचो, "अजून वाढू?" टण. मी वाढायचो. "अजून?" टण, आधीपेक्षा जोरात. भूक सुधारली म्हणून मी शेजारीपाजारी सांगत सुटलो. अण्णा माझ्याकडे असे बघायचे, जसं बिनतिकिटाच्या माणसाकडे बघावं.

आणि काका आले.

काका अण्णांचे धाकटे भाऊ, धावड्याला शेती करतात. दोघांचा अबोला मी शाळेत होतो तेव्हापासूनचा. एकदा काका अण्णांच्या गाडीत चढले. तिकीट मागितल्यावर भर गाडीत म्हणाले, "माझ्या भावाची गाडी हाय." अण्णा म्हणाले, "गाडी सरकारची हाय." एक घंटी मारून गाडी थांबवली, सख्ख्या भावाला उन्हात माळावर उतरवलं आणि दोन घंट्या मारून पुढं गेले. त्यानंतर कुणी कुणाच्या दारात पाय ठेवला नाही.

लकव्याची खबर ऐकून ते आले खरे, पण उंबऱ्याबाहेरच चपला घालून उभे राहिले.

"आधी त्याला इचार. मी असा घुसणार न्हाई."

अण्णांनी आवाज ओळखला. मान दाराकडे वळली. मी खाटेपाशी वाकून स्पष्ट विचारलं, "अण्णा, काकाला आत बोलवू का?"

टण टण.

'न्हाई' हे जरा गोड करून सांगावं म्हणून मी उठलो, तर काका वळून चालायला लागलेसुद्धा. आत अण्णा "बराबर, बराबर" करत पेला बडवत होते. मी त्यांच्या छातीवरून हात फिरवत म्हणालो, "गेले ते, अण्णा. गेले. शांत व्हा आता."

दुसऱ्या दिवशी एसटीनं कॉलेजला निघालो. एका फाट्यावर एक बाई लेकराला घेऊन चढली, दार लागलं, कंडक्टरनं दोरी ओढली. टण टण. गाडी निघाली.

एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. कंडक्टरचं पोरगं मी, हे मला बोलता यायच्या आधीपासून ठाऊक. अण्णांच्या डोक्यातून शब्द गेले होते, हातातून घंटी गेली नव्हती. मी त्यांना नेमकी उलटी शिकवायला बसलो होतो. त्या दिवशी मॅडमनी फळ्यावर आकृती काढली. बोलणारा, ऐकणारा आणि मधे अडथळा. त्या अडथळ्याच्या चौकोनात माझा फोटो चिकटवायला काही हरकत नव्हती.

घरी येऊन मी आधी चहा टाकायला लावला. अण्णांनी कप ओठापासून हलू दिला नाही. आई एवढंच म्हणाली, "आवडी बदलतेत व्हय रे?"

मग धावडा गाठला. काका अंगणात मिरच्या निवडत बसले होते. मी म्हणालो, "काका, दोन म्हणजे हो होतं. अण्णा तुम्हाला या म्हणत होते. मीच उलटं धरलं."

"तू काय धरलं ते तुझ्यापाशी," काका मिरचीचं देठ मोडत म्हणाले. "मी त्याची घंटी आयकली. माळावर मला उतरवून दोनच मारल्या होत्या त्यानं. दोन म्हणजे गाडी काढा. निघा."

तीच घंटी गाडीतल्या माणसाला वेगळी ऐकू येते आणि रस्त्यावर राहिलेल्याला वेगळी. संदर्भाचा धडा पुढच्या सत्रात होता.

"मंग तुम्हीच येऊन इचारा त्यांना."

"अन् पुन्हा दोनच वाजवल्या तर?"

तरी ते आले, पण उशिरा. तोवर अण्णांना दुसरा झटका येऊन गेला होता. 'बराबर'सुद्धा गेलं होतं. डावा हात उरला होता तो नावापुरता. काका चपला न काढताच दाराजवळच्या खुर्चीत टेकले. मिरचीवर पडलेल्या रोगाचं बोलले, गाय विकल्याचं बोलले. अण्णा आढ्याकडे बघत होते. मी त्यांच्या बोटांत चमचा अडकवला आणि तोच प्रश्न जरा बदलून विचारला, "अण्णा, काकाला जवळ बोलवू का?" काही वाजलं नाही. पुन्हा विचारायचा मला धीर झाला नाही.

"गाडीची वेळ झाली," म्हणत काका उठले.

चमचा सुटला. पेल्याच्या कडेवर आदळून खाली पडला.

टण.

काका जागच्या जागी थांबले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. घरात शिकलेला मीच. मारला की पडला? मॅडमच्या हिशेबानं मागं हेतू नसेल तर तो संदेश नव्हे, नुसता आवाज. अण्णांची बोटं उघडी पडली होती. डोळे अजून आढ्याकडेच होते.

"एक," काका म्हणाले.

"एकच," मी म्हणालो.

बाहेर वाट बघणाऱ्या जीपवाल्यानं हॉर्न दिला, परत दिला आणि निघून गेला. काकांनी चपला काढल्या, पायानंच खाटेखाली सारल्या आणि खुर्ची अण्णांच्या उशाशी ओढली.