नावावरची चिकटपट्टी

ताई गेल्याचा भाऊजींचा फोन जऊळक्याहून आला, तेव्हा तो ठेवून मी आधी कुकर लावला. का लावला, ते आजही सांगता येत नाही. महिना उलटला, डोक्यातला गोंधळ काही सरत नाही. रडू आलं ते तिच्या मळ्यातली वांगी पाहून, आणि तेही रागाने. इतकी भरात आलेली वांगी टाकून कुणी जातं का?

ताईला लग्नाआधी वाशीमला नर्सिंगला जायचं होतं. आईने ऐकलं नाही. "वांगे तोडायले कायले पाह्यजे नर्सिंग?" म्हणाली, आणि भाजी पिकवणाऱ्या घरात तिचं लग्न लावून दिलं. ताईने ते कधी विसरू दिलं नाही. आईशी कामापुरतंच बोलायची. पण आई अंथरुणाला खिळली तेव्हा औषधं, अंघोळ, सगळं तिनेच केलं, तोंडातून एक शब्द न काढता. सेवा करतेय की उट्टं काढतेय, मला तेव्हाही कळेना...

आईला भांड्यांवर नाव घालायचा भारी सोस. झारासुद्धा सुटला नाही. ती गेल्यावर आम्ही भांडी वाटून घेतली, तर ताईने फक्त भाजीची सुरी उचलली. पात्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, 'सौ. कमलाबाई'.

धार लावायच्या आधी ताई पातं धुवून पुसायची आणि दोन्ही बाजूंना वायरची काळी चिकटपट्टी लावायची. धारेची कड तेवढी उघडी.

"हे काहून चिटकवून राह्यली वं ताई?" मी एकदा विचारलं.

"दगड सरकला का पात्यावर ओरखडे पडतात. नाव जाते."

"तुले तिच्या नावाचं एवढं पडलं हाये?"

"सुरी चांगली हाये," ती म्हणाली. "बडबड नको करू. पाणी टाक दगडावर."

पण धार लावून झाली तरी ती पट्टी काढायची नाही. तशाच सुरीने भाजी चिरायची. म्हणजे नाव जपायचं होतं, की डोळ्यांसमोर नको होतं? भाऊजींना विचारलं, तर म्हणाले, "मले काय मालूम? हातात सुरी असलेल्या बाईले कोन विचारते?" आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले.

तेरवी झाल्यावर त्यांनी ती सुरी मला दिली. आमच्याकडे सुरी हातोहात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. त्यांनी खाली ठेवली, मी उचलली.

परवा पट्टी सोलली. कडेला सगळे ओरखडे, आणि मधे आईचं नाव दुकानातून आणल्यासारखं लख्ख. शोधत होते ताईला, हाती आली आई. दोघींचाही राग आला, आणि दोघीही हव्या होत्या. "तू माफ केलं होतंस का गं तिला?" मी मोठ्याने विचारलं.

सुरी बोथट झाली होती. दगड घेऊन बसले, पाणी टाकलं, पातं टेकवणार तोच हात थांबला. उठले, आणि घरभर चिकटपट्टी शोधत फिरले.